काटेरी तार आणि कावळ्याची साक्ष

इंदिरानगर, नाशिक
६ ऑक्टोबर २०२४

सुधाताई,

नमस्कार लिहीत नाही, कारण तो मनातून निघत नाही. फोनही करत नाही. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो, तुमची धाकटी बहीण लग्न करून माझ्या घरात आली तेव्हापासून हेच चाललंय. तुमचा नंबर मी परवाच ब्लॉक केलाय. पत्रात तरी तुम्हाला मला मधेच तोडता येणार नाही.

फेब्रुवारीत साधना गेली. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. जो तो सुचेल ते कबूल करत होता. तुमचा भाऊ हर्षल म्हणाला, साधनाताई, तुझ्या लेकीला, यशश्रीला, आम्ही अंतर देणार नाही. गुरुजी मला म्हणाले, देवघर सांभाळीन म्हणा. म्हणालो. कावळे समोरच्या भिंतीवर बसून आमची गंमत बघत होते. मग तुम्ही पुढे आलात. शाळेत मुलांची रांग मागे घेतात तसं आधी सगळ्यांना मागे सरकवलंत आणि हात जोडून, शेजारच्या घोळक्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "साधना, दिवाकररावांच्या त्या कर्कश तबकड्या आणि ते काटेरी भंगार मी तुझ्या घरातून बाहेर काढते. तू निश्चिंत जा." आणि कावळा आला.

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. बत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या बायकोची एकच इच्छा मागे राहिली होती, ती म्हणजे नवऱ्याचं वेड घराबाहेर जावं, असं एका पक्ष्याने चारचौघांत जाहीर केलं. तेरावं झाल्यावर तुमचा मुलगा राकेश टेम्पो घेऊन आला आणि मी माझ्या हाताने त्याला खोके उचलून दिले. तिची इच्छा म्हणून दिले. साठ-सत्तरच्या दशकातला रॉक, एकेक तबकडी मुंबईच्या फुटपाथवर उकिडवं बसून निवडलेली. आणि माझ्या तारा. अंबडच्या कारखान्यात तार ओढण्याच्या खात्यात माझी सगळी नोकरी झाली, त्यातूनच ते खूळ डोक्यात शिरलं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मोकळ्या माळावर दीडशे वर्षांपूर्वी जी काटेरी कुंपणं पडली, त्यांचे दीड-दीड फुटाचे अस्सल तुकडे, फ्रेममध्ये लावलेले. तिकडचे हौशी लोक एवढ्याच लांबीचा तुकडा जमवतात. त्यांना इकडच्या तारेचे नमुने पाठवून, पत्रं लिहून लिहून मी ते मिळवले होते.

आता मुद्द्याचं. यंदा पितृपक्षात मी रोज रामकुंडावर जाऊन बसलो. नोकरीत माझं काम काय होतं, तार का तुटली ते शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघत राहायचं. तसं बघितलं. माणसं पिंडाला खेटून उभी असली की कावळा येत नाही, मागे सरली की येतो. कोण काय कबूल करतंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, तेवढीच गोष्ट. तुम्ही आधी माणसं हटवलीत आणि मग बोललात. कावळा मोकळ्या जागेवर आला, तुम्ही त्याला साधनाचा निरोप्या केलात.

सिनेमातले बंदूकवाले भर दुपारी समोरासमोर उभे राहतात. खऱ्या पश्चिमेत तसं क्वचितच झालं, बहुतेकांना गोळी पाठीत बसली. मलाही तशीच बसली. माझं मागणं एकच. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर सांगा, की ते तुमच्या मनातलं होतं, साधनाच्या नाही. नाही तर मी सूड घेईन. आणि सांगून घेईन.

दिवाकर


संगमनेर
१४ ऑक्टोबर २०२४

दिवाकरराव,

परवा दसरा झाला. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा असं लिहायची रीत आहे, पण तुमचं पत्र बघता तुम्ही आपट्याचं पान कपाळावर मारून घ्याल.

मुख्याध्यापिका होते मी. रागावलेल्या पालकांची पत्रं पोत्याने वाचलीत. सगळ्यात मोठ्या अक्षरात तोच लिहितो ज्याला आपली बाजू लंगडी आहे हे ठाऊक असतं. तुमच्या कारखान्याचे नियम कावळ्याला लागू नाहीत. आमच्या बाबांच्या वेळी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती, तरी कावळा शिवला होता. हर्षलने आपल्या धाकट्या मुलाला शिकवायचा शब्द बाबांना दिला आणि त्याच क्षणी शिवला. तो पण मोकळ्या जागेवर आला होता का?

साधनाने काय सोसलं ते मी बघितलंय. लोक हॉलमध्ये फुलांचं चित्र लावतात, तुम्ही काटेरी तार लावलीत. हर्षलच्या लेकीचा, स्नेहाचा, वाढदिवसाचा फ्रॉक फाटला त्या तारेत अडकून. पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला जायच्या आत तुम्ही त्याला गुराख्यांनी टेक्सासातून कळप कसे हाकले ते सांगायला लागायचे. गाण्यांत कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नव्हत्या, वरण करपायचं, आणि तुम्ही आतून ओरडायचे, थांब गं, एवढा गिटारचा तुकडा संपू दे. आणि कौतुक तरी कुणाचं करता? ज्यांची जमीन त्यांना हुसकावून कुंपणं घालणाऱ्यांचं. इतिहास मीही शिकवलाय.

ती तक्रार करत नव्हती म्हणजे तिला काही वाटत नव्हतं असं नाही. आम्हा बहिणींचं फोनवर काय बोलणं व्हायचं ते तुम्हाला कळलं असतं तर असलं पत्र लिहायला हात धजला नसता.

मी काही परत घेणार नाही. तुमचा सूड तुमच्यापाशी ठेवा, रक्तदाब वाढेल.

सुधा


इंदिरानगर, नाशिक
८ नोव्हेंबर २०२४

सुधाताई,

जमीन कुणाची होती हे मला तुमच्याकडून शिकायला नको. तिथल्या मूळ रहिवाशांशी कागदावर करार करायचे आणि सोयीचं होईल तेव्हा मोडायचे, हा त्या इतिहासाचा अर्धा भाग आहे आणि तो मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी कुंपणाचं कौतुक करत नाही. मी चकित होतो. दोन तारांना पीळ द्यायचा आणि मधे काटा अडकवायचा, एवढ्याशा कारागिरीने काही वर्षांत अख्खा मोकळा माळ संपवला. आणि तीच पोलादी तार अजून बारीक ओढा, लाकडावर ताणा, विजेला जोडा, म्हणजे गिटार होते. ज्या वस्तूने माणूस कोंडला, त्याच वस्तूतून त्याने पोटातली बोंब बाहेर काढली. अंबडला मशीनवर तार सरसर ओढली जायची तेव्हा मला दोन्ही एकदम दिसायचं. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हे मी साधनाला सांगितलं होतं. ती गवार मोडत बसली होती. पूर्ण ऐकलं आणि "हं" म्हणाली.

म्हणून विचारतो. फोनवर ती तुम्हाला नेमकं काय म्हणाली? तुमचा सारांश नको, तिचे शब्द लिहा. मला दुसरं काही नको आहे. माझं बत्तीस वर्षांचं वेड ती सोसत होती की ऐकत होती, एवढं मला कळायला हवं. ते कळेपर्यंत मला जेवण गोड लागणार नाही.

आणि आता सूड. सांगून घेईन म्हणालो होतो, तर ऐका. तुमचं पत्र आल्यापासून मी रोज सकाळी स्कूटर काढतो आणि द्वारका चौकाच्या गर्दीतून रामकुंडावर जातो. खिशात जाडी शेव असते. जिथे साधनाचा पिंड ठेवला होता त्याच जागी पत्रावळ ठेवतो, शेव टाकतो आणि शिट्टी वाजवतो. एका जुन्या रॉक गाण्याच्या सुरुवातीला गिटारवर जी चाल आहे, ती. घाटावर दुसरं कुणी ती वाजवण्याची भीती नाही. कावळा माणसाचा चेहरा ओळखतो आणि लक्षात ठेवतो, हे शास्त्रज्ञांनी तपासून बघितलेलं आहे. पहिले काही दिवस भिंतीवरून मान वाकडी करून बघायचे. आता शिट्टी पुरी व्हायच्या आत दोघेतिघे खाली येतात.

तिथीने जानेवारीअखेर वर्षश्राद्ध येतं. तीच माणसं असतील. मी पिंड ठेवीन, शिट्टी वाजवीन आणि मोठ्याने म्हणेन, साधना, तुझ्या या बहिणीशी आपल्या घराचा संबंध संपला. कावळा शिवेल. मग तुम्ही जन्मभर लोकांना समजावत बसा, की तो मोकळ्या जागेवर आला होता.

दिवाकर


संगमनेर
१९ नोव्हेंबर २०२४

दिवाकरराव,

पत्र वाचून आधी हसले, मग राकेशला वाचून दाखवलं. तोही हसला. म्हणाला, "आई, काका रिटायर झाले ते बरं झालं. नाही तर कंपनीत कावळे भरती केले असते."

कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही, हे तुम्ही लहानपणी ऐकलं असेल. मी खुशाल येणार आहे. पहिल्या रांगेत उभी राहणार आहे. बायकोच्या श्राद्धाला शेव घेऊन पाखरं शिकवणारा नवरा माझ्या आयुष्यात मी पहिलाच बघतेय, ती संधी कोण सोडेल?

तिचे शब्द हवेत म्हणता. तुम्हाला कशाला? तुमच्याशी बोलायचं ते ती तुमच्याशी बोललीच असेल की.

आणि ज्यासाठी हा एवढा थयथयाट, ते ऐकून घ्या. राकेशने तुमचे ते खोके संगमनेरला आणलेच नाहीत. त्याच दिवशी द्वारकेच्या बाजूला भंगारवाल्याकडे उतरवले. तबकड्यांना भंगारवाल्याने हातही लावला नाही म्हणे, त्या कचऱ्यात गेल्या. तारा वजनावर गेल्या. आता कुणाला शिट्टी वाजवून बोलावता बघा.

सुधा


इंदिरानगर, नाशिक
२ डिसेंबर २०२४

सुधाताई,

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून मी भंगारची दुकानं पालथी घालतोय. द्वारका, वडाळा नाका, अंबडच्या मागची वस्ती. माणसं विचारतात, काय हरवलं काका, आणि मला सांगता येत नाही. एकाने दया येऊन कुंपणाची नवी तार भेंडोळ्यातून कापून हातात दिली, घ्या म्हणाला, काटेरीच आहे. ती घेऊन मी तिथेच लोखंडाच्या ढिगावर बसून रडलो. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितो. तुम्हाला आनंद होईल, होऊ दे. तेवढ्याने हिशेब मिटत नाही.

त्यात कॅन्ससमधल्या एका म्हाताऱ्याने पाठवलेला तुकडा होता. त्याच्या आजोबांच्या शेताचा. काटे गंजून बोथट झालेले. साधना दर महिन्याला जुन्या टूथब्रशने तो साफ करायची. मी कधी सांगितलं नव्हतं. तिला तो आवडत होता की धूळ आवडत नव्हती, हे मला आता ठरवता येत नाही, आणि ते तुमच्यामुळे. घाटावर तुम्ही तोंड उघडायच्या आधी मी कधी असा विचारच केला नव्हता. गाणं लागलं की ती शेजारच्या खुर्चीत येऊन बसायची. आता मला शंका येते, की पंखा त्या खुर्चीवर होता म्हणून बसत असेल. तुम्ही माझ्या तबकड्या नेल्यात ते एक वेळ सोसेन. तुम्ही माझ्या आठवणी नासवल्यात.

टेक्सासात एका वर्षी तारा कापण्याची लढाई झाली होती. ज्यांचं रान बंद झालं ते टोळ्या करून यायचे, शेजाऱ्याचं कुंपण मैलच्या मैल कापून टाकायचे आणि वर चिठ्ठी बांधून जायचे, पुन्हा घातलंस तर जिवाला मुकशील. पूर्वी वाचताना मला ती माणसं रानटी वाटायची. आता वाटत नाहीत.

कावळे तयार झालेत. इतके, की घाटावर पूजेचं सामान विकणारी कलाबाई परवा माझ्यावर उखडली. म्हणाली, "सायेब, तुमी आले का समदे कावळे तुमच्याकडं. लोकांचे पिंड तसेच पडून ऱ्हातात. काल एक पोरगी बापासाठी दुपारपावेतो रडत बसली व्हती, लय वंगाळ वाटलं." मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन लवकर निघालो. पण बंद केलं नाही. दोन महिन्यांचा प्रश्न आहे.

दिवाकर


संगमनेर
११ जानेवारी २०२५

दिवाकरराव,

एवढे दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण त्या रडणाऱ्या पोरीवर मी अडकले. ती कोण कुठली, तिच्या बापाचा आत्मा तुमच्या शेवेपायी खोळंबला असं ती आता आयुष्यभर मानणार. तुमचं माझं भांडण आहे, तिचं काय?

तुम्हाला लाज नाही हे कळलं. श्राद्धाला येतेय. निळी नऊवार नेसून येते, तुमच्या कावळ्यांना ओळखायला सोपं जाईल.

सुधा


संगमनेर
४ फेब्रुवारी २०२५

दिवाकरराव,

केलंत. मला वाटलं होतं ऐन वेळी तुमची जीभ उचलणार नाही. तुम्ही शिट्टी वाजवलीत तेव्हा हर्षलच्या बायकोला वाटलं तुम्हाला हुंदका आला, तिने डोळ्याला पदर लावला. मग तुम्ही बोललात. "संबंध" शब्दापाशी होतात आणि कावळा पिंडावर होता. एक नाही, तिघे. असं कुणी कधी बघितलं नव्हतं. गुरुजींनीसुद्धा हात जोडले.

पुढचं तुम्ही बघितलं नाहीत, कारण तुम्ही पाठ फिरवून नदीकडे तोंड करून उभे होतात. माझ्याशी कुणी बोललं नाही. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारचं पान रिकामं राहिलं. द्वारकेपर्यंत सोडायला हर्षलने गाडी काढली नाही, मी रिक्षा केली आणि तिथून बस पकडली. परवा त्याचा फोन आला. मार्चमध्ये स्नेहाचं लग्न आहे, ते तुम्हाला माहीत आहे. तिची आत्या मी. बारशाला तिचं नाव मी कानात सांगितलं. म्हणाला, "ताई, तू रागावू नकोस, पण साधनाताईची इच्छा नसताना तू मांडवात उभी राहिलीस तर घरच्यांच्या मनात येईल. तू नंतर येऊन आशीर्वाद दे." मी फोन ठेवला. एवढी वर्षं शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना रडू नका म्हणाले, त्या दिवशी मला कुणी म्हणालं नाही.

मी हरले, असं तुम्हाला वाटत असेल. तर आता तार ओढणाऱ्या डोक्याने नीट विचार करा. कावळ्यावर त्या सगळ्यांचा विश्वास आहे म्हणून मी मांडवाबाहेर गेले. तोच विश्वास राहिला तर गेल्या वर्षीचा कावळाही खराच. मग साधनाला तुमची गाणी नकोशी होती, तुमच्या तारा नकोशा होत्या, हेही खरं. यंदा तुम्ही त्यावर पक्कं शिक्कामोर्तब केलंत. हर्षलची बायको गावभर सांगतेय, साधनाताई दोनदा बोलल्या, एकदा नवऱ्याबद्दल आणि एकदा बहिणीबद्दल. खरा मानायचा तर दोन्ही वेळा, खोटा मानायचा तर दोन्ही वेळा. माझं बाहेर राहणं हवं असेल तर तुमच्या घरातही तुम्ही तसेच राहा, बायकोने नाकारलेले.

दुसरा रस्ता हवा असेल तर सांगते. स्नेहाच्या केळवणाला सगळे हर्षलकडे जमतील. तिथे उभे राहा आणि सांगा, की कावळे मी शिकवले होते, आणि गेल्या वर्षीचाही साधनाचा निरोप नव्हता. मी तिथे नसेन, मला बोलावलेलं नाही. पण तुम्ही सांगितलंत की मला कळेल. मग साधना तुमच्या गाण्यांबद्दल माझ्याशी काय बोलली ते मी तुम्हाला लिहीन. एक शब्दही लपवणार नाही.

सुधा


इंदिरानगर, नाशिक
२४ फेब्रुवारी २०२५

सुधाताई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. सूड गोड असतो असं म्हणतात. मला घाटावरून घरी येईपर्यंत गोड लागला. कुलूप उघडून आत आलो, भिंतीवर फ्रेमच्या खुणा दिसल्या आणि मनात आलं, आता दोनदा सिद्ध झालं.

तरीही तुम्हाला सोडायचं नव्हतं. आठ दिवस स्वतःला समजावलं, की राहू दे दोन्ही खरं, ती आत्याबाई मांडवाबाहेर बसू दे. पण जेवायला बसलो की तेच. ती काय म्हणाली असेल. हसून म्हणाली असेल की कंटाळून. झोपेतही मी तिला गवार मोडताना बघतो आणि ती "हं" च्या पुढे काहीतरी बोलते, ते मला ऐकू येत नाही.

काल केळवण झालं. पुरणपोळी वाढून झाली आणि मी उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं उखाणा घेतोय की काय. मी सांगितलं, शेव, शिट्टी, पितृपक्षातलं निरीक्षण, सगळं. गेल्या वर्षी तुम्ही माणसं मागे सरकवलीत तेही सांगितलं. साधनाने बहिणीला तोडलेलं नाही, मी तोडलं, असं म्हणालो. कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा हर्षलला आणि दोघाचौघांना गाड्यांत घालून आज सकाळी रामकुंडावर नेलं. वर्तमानपत्राचा कागद ठेवला, त्यावर काहीही नाही, आणि शिट्टी वाजवली. कावळे आले. कागदावर चालले, मला ओरडले.

मला वाटलं होतं लोक तुमच्या बाजूने मोकळे होतील आणि थोडे माझ्याही. हर्षलचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, "म्हणजे बाबांच्या वेळचाही खोटाच का? मी त्यांना शब्द दिला म्हणून ते गेले असं मी इतकी वर्षं धरून बसलोय." तो गाडीत बसला आणि मला न घेता निघून गेला. त्याची बायको म्हणाली, तुम्ही लग्नाला नाही आलात तरी चालेल. तुम्हाला मात्र हे पत्र पोचायच्या आतच फोन आला असेल. आत्याशिवाय लग्न नको, असं स्नेहाने रडून सांगितलं.

तर झालं. तुम्ही आत, मी बाहेर. त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, जाणारही नाही. तबकड्या गेल्या त्या गेल्या, तारांबद्दलही मी पुन्हा बोलणार नाही. सौद्यातलं माझं मी दिलंय. आता तिचे शब्द पाठवा. चांगले असतील तर चांगले, वाईट असतील तर वाईट. सौम्य करून लिहू नका. मी रोज दुपारी पोस्टमनची वाट बघतो.

दिवाकर


संगमनेर
३ मार्च २०२५

दिवाकरराव,

हर्षलचा फोन आला. स्नेहाही बोलली. मी लग्नाला जाणार आहे, पुढच्या रांगेत बसणार आहे. तुम्ही शब्द पाळलात, आता मी पाळते.

आधी खोके. भंगारात दिले असं मी म्हणाले ते खोटं होतं. तुम्हाला झोंबावं म्हणून लिहिलं आणि झोंबलं. राकेशच्या फरशीच्या गाळ्यात वरच्या फळीवर सगळं जसंच्या तसं आहे. तारांना थोडा गंज जास्त चढलाय एवढंच. गुरुवारी त्याचा टेम्पो नाशिकला येतोय, उतरवून घ्या. घाटावर जे बोलले ते माझ्या मनाचं बोलले. मला तुमची गाणी आवडत नव्हती, तुमच्या घरी आल्यावर बहिणीशी दोन शब्द बोलता येत नव्हते. माफी मागत नाही. रिक्षाने द्वारकेला गेले त्या दिवशी ती फिटली.

आता साधना. लग्न झाल्यापासून ती दर रविवारी मला फोन करायची. हॉस्पिटलातले शेवटचे दिवस मी तिच्या उशाशीच होते. यशश्रीबद्दल बोलायची, तुमच्या रक्तदाबाबद्दल बोलायची. दूधवाला पाणी घालतो, हर्षल वाळलाय, तुम्हाला एकट्याला भाजी निवडता येणार नाही, या सगळ्याबद्दल बोलली. तुमच्या गाण्यांबद्दल ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. चांगला नाही, वाईट नाही. तुमच्या तारांबद्दलही नाही. बत्तीस वर्षांत कधीच नाही. मी एकदा मुद्दाम विचारलं होतं, तुला त्रास नाही का होत गं त्या आवाजाचा? तिने विषय बदलला.

हे तुम्हाला छळायला लिहीत नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू, थोडं छळायलाही लिहितेय. पण आहे ते शंभर टक्के खरं आहे, यशश्रीची शपथ घेऊन सांगते. तिला ती गाणी आवडत होती की नाही, मला माहीत नाही. ते सांगू शकेल असं एकच माणूस होतं. ती तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलेली होती, रोज, हाकेच्या अंतरावर, आणि तुम्ही तिला कधी विचारलं नाहीत.

सुधा